आवडत नाही, तरी जिंकते

*ताई, मी १९ वर्षांची. १० मीटर एअर रायफल खेळते. आठवीत शाळेच्या शिबिरात पहिल्यांदा रायफल धरली. तिथल्या सरांनी पप्पांना बोलावून सांगितलं, पोरीचा हात हलत नाही, हिला सोडू नका. तेव्हापासून सुरू आहे. राज्य स्पर्धेत तीन पदकं आहेत, दोन वर्षं नॅशनल्सला जातेय. गेल्या वर्षभरात मॅचमध्ये ६५४ पैकी ६२५ च्या खाली आले नाही.*

*आणि मला हे आवडत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय. रेंजवरच्या मैत्रिणी म्हणतात, शूटिंगचं जॅकेट घातलं की जगाचा विसर पडतो. मला जॅकेट घातलं की ते कधी काढायला मिळेल एवढंच दिसतं. जिंकले की हुश्श होतं, बास. मॅचच्या आदल्या रात्री झोप नसते, सकाळी ओकारी होते. पप्पा गाडीने रेंजवर सोडतात, येताना एकेका शॉटबद्दल विचारतात. रायफलसाठी त्यांनी पीएफमधून पैसे काढलेत, हे मला आईकडून कळलं. रविवारी लहान मुलींची बॅच असते, सर मला त्यांना शिकवायला सांगतात. आठवड्यातले तेवढेच दोन तास बरे जातात.*

*सगळे मोठे खेळाडू सांगतात, खेळावर प्रेम पाहिजे. मग मी खोटी आहे का? पुढे जायला आवड लागतेच का? की सोडून देऊ?*

*– नाव छापू नका, कोल्हापूर जिल्हा*

बाळा,

तुझ्या तीन प्रश्नांतल्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. नाही. अव्वल दर्जाचं खेळायला खेळ आवडलाच पाहिजे असं काही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः अकरा वर्षं हाच खेळ खेळले. आमच्या वेळी मुलींना ४० शॉट असायचे, तुम्हाला २०१८ पासून मुलांसारखे ६० झाले. मला शूटिंगचं वेड होतं. पेलेटची, म्हणजे छऱ्यांची, नवी डबी उघडताना येणारा आवाजसुद्धा मला आवडायचा. सुट्टीच्या दिवशी रेंजला कुलूप असलं तरी मी तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. एवढं असून माझा स्कोअर एका जागी येऊन जो थांबला तो थांबलाच. राज्याच्या संघात आले, नॅशनल्सची फायनल कधी पाहिली नाही. माझ्या शेजारच्या लेनवर एक मुलगी असायची. ठरलेले शॉट झाले की रायफल पेटीत आणि ती गेटबाहेर. गप्पा नाहीत, रेंगाळणं नाही. ती भारताकडून खेळली. तिला आवडत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनेही स्वतःहून कधी सांगितलं नाही. मला तेव्हा हा मोठा अन्याय वाटायचा. इतकी माया केली तर खेळाने माझं काहीतरी देणं लागायला हवं, असं वाटायचं. पण खेळ तसा हिशोब ठेवत नाही. धरणाऱ्याचं शरीर कसं आहे, नजर कशी आहे, सराव कसा झालाय, हे रायफलला कळतं. आवड कळत नाही.

तू खोटी नाहीस. तुझे ६२५ खरे आहेत.

आता आंद्रे आगासीबद्दल सांगते. टेनिसमधलं एवढं मोठं नाव, आठ ग्रँड स्लॅम. २००९ साली त्याने आत्मचरित्रात लिहून टाकलं की मला टेनिसचा तिरस्कार वाटतो, आणि तो आजचा नाही, लहानपणापासूनचा. वाचणारे चक्रावले, कारण असं कुणी बोलत नाही. त्याचे वडील इराणकडून १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग खेळलेले. (१९५२ म्हणजे हेलसिंकी, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं, तेच.) पुढे ते अमेरिकेत लास व्हेगासला स्थायिक झाले, आणि मुलगा जगात पहिला झालाच पाहिजे हे त्यांनी ठरवून टाकलं. घरामागे कोर्ट बांधलं. चेंडू फेकणाऱ्या यंत्रात स्वतः फेरफार करून त्याचा वेग वाढवला. पोरगा त्या यंत्राला ड्रॅगन म्हणायचा. रोज अडीच हजार चेंडू मारायचे, म्हणजे वर्षाला जवळपास दहा लाख होतात, हा वडिलांचा हिशोब. तेराव्या वर्षी त्याला घरापासून लांब, फ्लोरिडातल्या अकादमीत पाठवलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तरी तो १९९२ ला विम्बल्डन जिंकला, १९९५ ला जगात पहिला झाला. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं असं वाटेल. पण पुढची गोष्ट ऐक, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. १९९७ च्या अखेरीस तो १४१ व्या क्रमांकावर घसरला होता. दुखापत होती, मन उडालेलं होतं, चुकीच्या वाटेला पाय पडला होता. कोचने त्याला सांगितलं, एक तर सोड, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात कर. सोडायची पुरेपूर मुभा असलेला तो आयुष्यातला पहिला क्षण असावा. आणि त्याने सोडलं नाही. जिथे त्याचं लहानपण गेलं त्याच लास व्हेगासमध्ये तो एक छोटी स्पर्धा खेळला, जिथे नावाजलेले खेळाडू फिरकत नाहीत. १९९९ ला फ्रेंच ओपन जिंकला, पुन्हा पहिला झाला, आणि २००६ पर्यंत खेळत राहिला. आठातली पाच विजेतेपदं या परतीनंतरची आहेत.

या काळात त्याला टेनिस आवडायला लागलं का? तसं तो म्हणत नाही. फरक एवढाच की आता ते त्याने स्वतः निवडलेलं होतं. शिवाय टेनिसच्या पैशावर आणि नावावर त्याने लास व्हेगासच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी शाळा काढली, ती २००१ मध्ये सुरू झाली. रोज कोर्टवर कशासाठी जायचं, याचं त्याचं स्वतःचं उत्तर त्याला मिळालं. खेळ तोच, हात तेच, नावडही बहुधा तीच.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते चारदा वाचलं. त्यात 'कंटाळा' हा शब्द एकदाही नाही. मला सगळ्यात आधी तेच जाणवलं, कारण शूटिंग न आवडणारी मुलं पहिली तक्रार कंटाळ्याची करतात. आणि कंटाळा येणं यात गैर काही नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याकडे बघत तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं राहायचं, पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा, होल्डिंग करायचं म्हणजे नेम धरून नुसतं स्थिर राहायचं, यात मजा ती काय येणार? अँडर्स एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९९३ ला प्रसिद्ध झाला. त्यांतल्या चांगल्या वादकांना विचारलं, तुमची प्रगती कशाने होते? एकट्याने रियाज केल्याने, असं त्यांनी सांगितलं. आणि मजा कशात येते, तर त्या रियाजाला त्यांनी काही वरचा नंबर दिला नाही. आपल्याकडे तालमीतल्या कुठल्याही पोराला विचार, हजार बैठका आवडतात का म्हणून. तो हसेल. तेव्हा सरावाचा वीट आला म्हणून मी खेळायला नालायक, असं कुणी समजू नये.

पण तुझं दुखणं ते नाहीच. तुझ्या पत्रात आहे रात्रीची झोप, सकाळची ओकारी, गाडीतली उलटतपासणी आणि पीएफ. टार्गेट, ट्रिगर, श्वास, स्टान्स (उभं राहायची पद्धत) यांच्याबद्दल वाईट एक अक्षर नाही. आणि रविवारचे दोन तास बरे जातात म्हणतेस. अगं, रेंज तीच. रायफली त्याच, वास तोच, दहा मीटर तेवढेच. मग रविवारी वेगळं काय असतं? तुझा स्कोअर कुणी मोजत नसतं.

माझा अंदाज चुकू शकतो, लांबून तीन परिच्छेद वाचून माणूस कळत नाही. पण मला वाटतं, तुला शूटिंग आवडत नाही की शूटिंगच्या रूपात रोज चालणारी परीक्षा आवडत नाही, हे तुलाच अजून माहीत नाही. आठवीपासून तुला ते वेगळं करून बघायला मिळालेलंच नाही.

जिंकल्यावर हुश्श होतं म्हणालीस. नाओमी ओसाका चार ग्रँड स्लॅम जिंकलेली टेनिसपटू. २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये हरल्यावर पत्रकारांसमोर रडत हेच म्हणाली होती, की जिंकल्यावर मला आनंद होत नाही, नुसती सुटका वाटते, आणि हरल्यावर मात्र फार वाईट वाटतं. मग काही काळ ती खेळायची थांबली. पुढे पुन्हा खेळली. आणि आपल्याच खेळातला अभिनव बिंद्रा. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, शेवटचा शॉट १०.९ पैकी १०.८, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्या पदकानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो नंतर उघडपणे बोललाय. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला ते हातात आलं आणि पुढे काय हे समजेना. हरल्यापेक्षा जिंकल्यावरचा तो काळ त्याला जड गेला. त्याला शूटिंगचा ध्यास नव्हता असं कोण म्हणेल? हे तुला घाबरवायला सांगत नाही. पुढचं मोठं पदक मिळालं की आवड आपोआप येईल, या आशेवर तू चार वर्षं काढू नयेस म्हणून सांगते.

थॉमस रेडेक नावाच्या अभ्यासकाने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन जलतरणपटूंबद्दल लिहिलं. मुलं खेळात दोन तऱ्हेने टिकतात. काही हवंसं वाटतं म्हणून, काही सुटता येत नाही म्हणून. एवढा खर्च झालाय, लोक काय म्हणतील, दुसरं काही येत नाही, म्हणून राहिलेली मुलं जास्त करपून गेलेली दिसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो ना आपण, तसं. तुझ्या पत्रात मला याचीच भीती वाटते, नावडीची नाही.

तेव्हा घोडं पेंड खातंय ते त्या पीएफपाशी. पप्पांना तुझ्याबद्दल जे वाटतं त्यात खोट नाही. रोज गाडी काढून पोरीला रेंजवर सोडणारा बाप मिळणं ही आपल्या भागात अजूनही साधी गोष्ट नाही. पण ते पैसे त्यांनी तुला न सांगता काढले, तुला ते आईकडून कळलं, आणि आता कमी पडलेल्या प्रत्येक ९.८ च्या शॉटला तुला तो आकडा दिसत असणार. हे मनात ठेवून चालणार नाही. आईला सोबत घेऊन बस आणि विचार, किती काढले, केव्हा काढले. खरा आकडा बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा लहान असतो. चांगली जपलेली एअर रायफल पुढे विकताही येते, घेणारं कुणी ना कुणी रेंजवर असतंच. आणि त्यांना हे तुझ्या शब्दांत सांग, पण साधारण असं: 'पप्पा, मी आज काही सोडत नाहीये. पण मॅचच्या आधी मला उलट्या होतात, आणि परत येताना शॉटबद्दल बोलणं मला सहन होत नाही. दोन महिने आपण गाडीत शूटिंग सोडून दुसरं काहीही बोलू.' एवढंच. 'मला आवडत नाही' या वाक्याने सुरुवात करू नकोस, ते ऐकल्यावर बापाला पुढचं काही ऐकू येत नाही.

पप्पा, तुम्ही हे वाचत असाल तर दोन शब्द तुमच्यासाठी. सरांनी सांगितलं पोरीला सोडू नका, तुम्ही शब्द पाळलात. आता तिने तो शब्द स्वतः द्यायचा की नाही हे तिला ठरवू द्या. गाडीत रेडिओ लावा.

झोप आणि ओकारी याकडे मात्र दुर्लक्ष नको. 'नर्व्हस होतंय, सगळ्यांनाच होतं' असं म्हणून मी माझ्या काळात बरंच अंगावर काढलं, तू काढू नकोस. डॉक्टरांकडे जा, जमलं तर खेळाडूंसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग की मी नेमबाज आहे. छातीची धडधड आणि हाताची थरथर कमी करायला बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, आणि आपल्या खेळात त्यांना स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. मैत्रिणीने दिलेली 'साधी' गोळी तर मुळीच घेऊ नकोस.

आता सोडायचं का. आज ठरवू नकोस, आणि मॅचच्या आदल्या रात्री तर नाहीच. समोर जी स्पर्धा ठरलेली असेल ती झाली की सरांना सांगून एक महिना रायफल पेटीत ठेव. दुखापत झाल्यासारखी खरी सुट्टी; मधेच 'फक्त होल्डिंग करून येते' असं नाही. विराट कोहलीने २०२२ मध्ये महिनाभर बॅटला हात लावला नव्हता, दहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि आपण उसना जोर आणत होतो हे त्याने स्वतः कबूल केलं. परत आल्यावर त्याच वर्षीच्या आशिया कपमध्ये त्याने जवळपास तीन वर्षांनी शतक केलं. तुझंही तसंच होईल असं मी म्हणणार नाही. महिनाभर लांब राहून कदाचित तुला इतकं हलकं वाटेल की उत्तर तिथेच मिळेल.

महिना झाला की रेंजवर एकटी जा, एसटीने किंवा मैत्रिणीच्या गाडीवर. कोऱ्या कार्डावर शूट कर. मधला काळा गोल नाही, आकडे नाहीत, नुसता पांढरा कागद. सरावात हे करतातच, सरांना नवल वाटणार नाही. स्टान्स घे, श्वास सोड, ट्रिगर दाब, फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही क्षणभर तशीच स्थिर राहा. वीस शॉट. ग्रुपिंग, म्हणजे शॉट किती जवळजवळ पडले ते, मोजू नकोस, कार्ड घरी आणू नकोस. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. पेलेट सुटल्यानंतरच्या त्या अर्ध्या सेकंदात तुला काय वाटतं, ते बघायचं. मजा वाटलीच पाहिजे असं नाही. 'हे माझं काम आहे आणि मला ते येतं' एवढं वाटलं, तरी त्यावर पुढे जाता येतं. मी त्या शेजारच्या लेनवाल्या मुलीकडे वर्षानुवर्षं पाहिलंय. तिच्या चेहऱ्यावर मला तेवढंच दिसायचं, आणि ते काही कमी नव्हतं. तिथेही पोटात गोळा आला, तर मात्र मी तुला राहा म्हणणार नाही.

आवड नंतर येऊ शकते हेही खरं आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने स्टीपलचेजचं, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचं, स्वप्न लहानपणी पाहिलं नव्हतं. तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, तिथून क्रॉसकंट्रीत आला आणि मग कोचच्या सांगण्यावरून या शर्यतीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य, सुवर्णापासून एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका लांब. पण ती वाट त्याने मोठेपणी, स्वतःच्या पायांनी धरलेली होती.

आणि सोडलंस, तर ते चोरासारखं सोडू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या ॲश बार्टीने २०१४ मध्ये टेनिस थांबवलं, ब्रिस्बेनच्या संघाकडून क्रिकेट खेळली, परत आली आणि तीन ग्रँड स्लॅम जिंकली. मग २०२२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असताना तिने निवृत्ती घेतली, आणि आता माझ्यात ती ओढ उरली नाही असं स्वच्छ सांगितलं. तिला कुणी खोटी म्हटलं नाही. तुझी राज्याची पदकं कुणी परत घेणार नाही. त्यांची प्रमाणपत्रं फाईलला नीट लावून ठेव, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; तुझ्या प्रमाणपत्रांवर ते लागू होतं का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घे.

त्या रविवारच्या मुलींचं मात्र सुट्टीतही सोडू नकोस, सरांची परवानगी असेल तर. स्वतःची रायफल घरी ठेवून जा. त्यांतली एखादी शॉट मारून तुझ्याकडे वळून बघत असेल, बरोबर झालं का म्हणून. तेव्हा तू तिला काय सांगतेस? पुढच्या पत्रात मला तेवढं लिही, आणि कोऱ्या कार्डाचं काय झालं तेही.

तुझी,
ताई